मदत हवी आहे: सोसायटीच्या दुरुस्तीत कामाची परिमाणे दुपटीहून वाढली, वाढीव बिल कोणत्या दराने द्यावे?

सप्रेम नमस्कार.

डोंबिवलीतील आमच्या ४८ सदनिकांच्या सोसायटीची इमारत १९८९ सालची आहे. संरचनात्मक तपासणीचा अहवाल आल्यावर सर्वसाधारण सभेने मोठ्या दुरुस्तीला मंजुरी दिली आणि तीन निविदांमधून एका कंत्राटदाराला ५४ लाख रुपयांचे काम देण्यात आले, जीएसटी वेगळा. कंत्राट बाबनिहाय दराचे आहे, म्हणजे दरपत्रकातील परिमाणे अंदाजे असून पैसे प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे द्यायचे आहेत. सचिव या नात्याने कराराच्या प्रत्येक पानावर माझी सही आहे, त्यामुळे पुढील प्रश्न मला फार जवळचा आहे.

गिलावा फोडल्यानंतर तळमजल्याच्या खांबांमधील सळ्या अहवालात दिसल्या त्यापेक्षा कितीतरी अधिक गंजलेल्या निघाल्या. हे मी स्वतः पाहिले आहे आणि त्याबद्दल वाद नाही. दरपत्रकात खांबांच्या जॅकेटिंगसाठी (खांबाभोवती नवा थर चढवून तो मजबूत करणे) ९०० चौरस फूट धरले होते, दर ४२० रुपये. आता कंत्राटदार २,३०० चौरस फूट दाखवत आहेत. पॉलिमर मॉर्टर (दुरुस्तीसाठी पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला) १४० रुपये दराने २,६०० चौरस फूट होते, ते ५,१०० झाले आहे. मूळ दराने हिशेब केला तरी वाढ ९ लाख ३८ हजार रुपयांची होते. शिवाय जॅकेटिंगच्या वाढीव १,४०० चौरस फुटांना ५६० रुपये दर मिळावा अशी त्यांची मागणी आहे. त्याने आणखी १ लाख ९६ हजार वाढतात. इतके काम ठरलेलेच नव्हते, म्हणून भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० प्रमाणे (फुकट करण्याचा हेतू नसलेल्या कामाचा लाभ घेतला तर त्याची भरपाई द्यावी) त्यांना वाजवी मोबदला मिळाला पाहिजे, असे त्यांचे पत्र आले आहे.

आमची अडचण अशी की, परिमाण किती टक्क्यांपर्यंत वाढले तर जुना दर कायम राहील, याविषयी करारात एक ओळही नाही. वाढीव कामाचा लेखी आदेश कोणी दिला नाही. सल्लागार अभियंत्यांनी जागेवर तोंडी सांगितले आणि व्हॉट्सअॅपवर छायाचित्रे पाठवली. मोजमापाच्या पत्रकांवर त्यांच्या साहाय्यकाची सही आहे, सोसायटीच्या वतीने कोणाचीही नाही, आणि बरेचसे खांब आता नव्या गिलाव्याखाली गेले आहेत. कामाची मुदतही उलटून दीड महिना झाला आहे. आमच्या सभासदांत निवृत्तिवेतनावर जगणारी अनेक कुटुंबे आहेत, तेव्हा प्रत्येकाकडून आणखी वीस-पंचवीस हजार मागण्यापूर्वी मागणी खरी असल्याची खात्री हवी. दुसरीकडे, ज्या माणसाने आमचे खांब सावरले त्याचे कष्टाचे पैसे बुडवायचे नाहीत. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद:

मी बरीच वर्षे बांधकाम प्रकल्पांत कंत्राट-व्यवस्थापनाचे काम केले आहे. परिमाण आणि दर हे दोन वाद आहेत; एकाच पत्रात आले म्हणून त्यांचे उत्तर एकत्र देऊ नका.

बाबनिहाय दराच्या कंत्राटात जेवढे काम खरोखर झाले तेवढ्याचे पैसे ठरलेल्या दराने देणे लागतातच. ज्या कामाचा दर करारात आधीच आहे त्यासाठी कलम ७० कडे जाण्याचे कारण उरत नाही आणि त्याच कलमाच्या आधारे जास्तीचा दरही मागता येत नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटात अशा फरकासाठी कलम १२ असते. तुमच्याकडे तसे कलम नसल्याने दरवाढीची सक्ती तुमच्यावर नाही. ‘फिडिक’ या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या नमुना कंत्राटातील (‘रेड बुक’) कलम १२.३ चा विचार मला येथे पटतो: परिमाण १० टक्क्यांहून अधिक बदलणे एवढेच पुरेसे नसते, त्या बदलामुळे प्रत्येक एककाचा खर्चही १ टक्क्याहून अधिक बदललेला असावा लागतो. त्याच कामाचे प्रमाण वाढले की साचे, परांची आणि मजूर यांचा खर्च दर चौरस फुटामागे बहुधा कमीच होतो. कंत्राटदारांकडून दर-विश्लेषण, म्हणजे दरात साहित्य, मजुरी वगैरेचा वाटा किती याचा हिशेब, लेखी मागा. आधाराचे टेकू वाढवावे लागले किंवा साहित्य महागल्याची पावती असली, तर तेवढाच भाग विचारात घ्या.

झाकलेल्या कामाचीही पडताळणी होऊ शकते. जॅकेटिंगने खांबाची जाडी वाढते, ती जुन्या नकाशाशी ताडून पाहता येते. त्याहून चांगला पुरावा म्हणजे साहित्याची चलने. २,३०० चौरस फूट म्हणजे सुमारे २१४ चौरस मीटर. थर सरासरी ५० मिलिमीटरचा असेल तर १०.७ घनमीटर मिश्रण लागते. एका पोत्यातून किती लिटर मिश्रण होते हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात असते. मिसळलेली खडी वजा करून किती पोती यायला हवी होती ते काढा आणि आवकेशी जुळवा. मोठी तफावत आली तरच दोन-तीन ठिकाणी गिलावा उघडा.

मुदतीबाबत उशीर करू नका. करार अधिनियमाच्या कलम ५५ नुसार मुदत टळल्यावर काम स्वीकारताना नुकसानभरपाई मागण्याचा आपला इरादा कळवला नाही, तर तो हक्क जातो. वाढीव कामाला लागलेला वेळ न्यायाने वगळून उरलेल्या दिवसांसाठी तो हक्क राखून ठेवत असल्याचे पत्र आजच द्या.

मूळ प्रश्नकर्ता:

मनःपूर्वक आभार. पत्र आज सायंकाळी देत आहे आणि येत्या रविवारी कंत्राटदार, सल्लागार व समितीचे दोन सदस्य मिळून खांबांचे मोजमाप घेऊन त्यावर तिन्ही पक्षांच्या सह्या करतील. एक शंका उरते. निर्विवाद असलेले पैसे सर्वसाधारण सभेच्या मंजुरीनंतर लगेच देऊन वादग्रस्त दराचा भाग पुरवणी करारापर्यंत रोखला, तर उर्वरित काम थांबवण्याचा हक्क कंत्राटदारांना मिळतो का?