आत्याचा कॅन्सर माझ्यापर्यंत येऊ शकतो का?

साताऱ्याची_लेक:
माझं वय ३४. मोठी आत्या ५१व्या वर्षी ओव्हरीच्या कॅन्सरने गेली. आता तिच्या मुलीला ३९व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, केमो चालू आहे. घरात सगळे म्हणतात, "तू आईवर गेलीयेस, आत्याकडचं तुला कशाला येईल?" आईच्या माहेरी कुणालाच नाही. मी जीनची टेस्ट करावी का?

निळी_शाई:
करा, पण आधी तुमच्या आतेबहिणीची होऊ द्या. माझ्यात बीआरसीए१ या जीनचा दोष आहे, ज्याने ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि तो बाबांकडून आलाय. बाबा ७२ वर्षांचे, धडधाकट. मला दवाखान्यात आई, मावशी, आजी एवढंच विचारलं. आत्यांचं कुणी विचारलंच नाही. त्यात माझी तीन वर्षं गेली, याचा मला अजून राग येतो. हा दोष आई-बाबा कुणाकडूनही येतो आणि ज्याच्यात तो आहे त्याच्या प्रत्येक मुलाला-मुलीला मिळण्याची शक्यता निम्मी. चेहरा कुणावर गेलाय याचा काही संबंध नाही.

आतेबहिणीत नेमका कोणता बदल आहे ते कळलं, की तुमच्या बाबांच्या रक्तात तेवढाच शोधतात. त्यांच्यात नसेल तर त्या बाजूने तुम्हाला तो येणारच नाही. हे न करता थेट तुमची टेस्ट निगेटिव्ह आली, तर त्या रिपोर्टवर विसंबता येत नाही. 'व्हीयूएस' असं लिहून आलं तर जीनमध्ये बदल दिसलाय, पण तो घातक आहे का हे अजून ठरलेलं नाही. त्यावर ऑपरेशनचा निर्णय घेऊ नका.

ओव्हरीचा कॅन्सर लवकर पकडणारी भरवशाची तपासणी नाही, म्हणून दुसऱ्या बाळानंतर ३८व्या वर्षी मी ओव्हरी आणि ट्यूब काढून घेतल्या. ब्रेस्टसाठी दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी.

साताऱ्याची_लेक:
ती केमोत आहे हो. तिला आता हे कुठल्या तोंडाने सांगू?

निळी_शाई:
तिच्यासाठीच म्हणून सांगा. दोष सापडला तर ओलापरिबसारखं औषध तिला चालेल का, हे तिच्या डॉक्टरांना ठरवता येतं. केमो चालू असतानाही ही टेस्ट होते.

दोन_मुलींचा_बाप:
भावांनाही सांगा. माझ्यात बीआरसीए२ या जीनचा दोष निघाला. त्याने पुरुषांना प्रोस्टेटचा धोका वाढतो, म्हणून मी दरवर्षी पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी करतो. खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक आहे. आत्यांचे बायोप्सीचे कागद जपून ठेवलेत का? जाताना ते न्या.

साताऱ्याची_लेक:
आज बाबांना सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग उठून माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. आत्याचे सगळे रिपोर्ट त्यांनी ठेवलेत. रविवारी आम्ही दोघं आतेबहिणीकडे जातोय.