पीएलएफएसवर वेतनाचं रिग्रेशन: स्त्री डमीचा कोएफिशंट −३.१ येतोय

टीवाय_इको: शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी पीएलएफएस (सरकारची रोजगार पाहणी) २०२२-२३ चा युनिट-लेव्हल, म्हणजे माणसागणिक, डेटा घेतलाय. वय १५ ते ५९, नेहमीच्या मुख्य स्थितीनुसार (वर्षातला जास्त काळ काय केलं) काम करणारे सगळे (कोड ११ ते ५१). समीकरणात डावीकडे नैसर्गिक लॉग(मासिक कमाई + १). उजवीकडे शिक्षणाची वर्षं, अनुभव, अनुभवाचा वर्ग (अनुभव × अनुभव), आणि स्त्री व शहरी हे डमी (असेल तर १, नसेल तर ०). स्त्रीचा कोएफिशंट (बाकी सारखं धरून लॉग कमाईतला फरक) −३.१ येतो. कुठे चुकतंय?

अर्थमिती_कट्टा: त्या "+ १" मध्येच. कोड २१ म्हणजे घरच्या शेतीत-धंद्यात बिनपगारी राबणारे, आणि त्यांत बायकांचं प्रमाण मोठं. त्यांची कमाई ०, म्हणून लॉग(१) = ०. १२,००० कमावणाऱ्याचा लॉग ९.४. मधली दरी तुमचा कोएफिशंट खाली ओढते, वेतनातला फरक नव्हे. पडताळायचं तर कमाई हजारांत लिहून बघा: १२ + १ चा लॉग २.५६, म्हणजे कोएफिशंट एकदम आकसेल. एकक बदलल्यावर बदलणाऱ्या आकड्याला अर्थ नसतो.

दुसरं, पीएलएफएसमध्ये कमाई चालू साप्ताहिक स्थितीनुसार (मागच्या सात दिवसांत काय केलं) विचारतात. नमुनाही तिच्यावरच निवडा: पगारदार ३१, ७१, ७२ आणि रोजंदार ४१, ४२, ५१. पगार मागच्या कॅलेंडर महिन्याचा असतो, रोजंदारी मात्र आठवड्याच्या सातही दिवसांची वेगवेगळी नोंदवलेली. तिची बेरीज करा, पगाराला ३० ने भागून ७ ने गुणा, मग दोन्ही एकत्र आणा. स्वयंरोजगारवाले सरळ वगळा. त्यांच्या कमाईत भांडवलाचा वाटाही मिसळलेला असतो.

नमुना_निवड: वेट (नमुन्यातला एक माणूस किती जणांच्या वतीने मोजायचा) लावलेत का? एनएसएस आणि एनएससी हे डेटातले दोन रकाने सारखे असतील तर मल्टिप्लायरचा रकाना भागिले १००, नाहीतर भागिले २००. वर्षाचा अंदाज हवा तर शिवाय तिमाहींच्या संख्येने भागायचं. नुसतं १०० ने भागणं विसरलात तर कोएफिशंट हलत नाही, १००-२०० चा भेद विसरलात तर हलतो. स्टँडर्ड एरर एफएसयूवर (पाहणीसाठी आधी निवडलेलं गाव किंवा शहरी ब्लॉक) क्लस्टर करा, म्हणजे त्यातली माणसं एक गट धरा, नाहीतर कोष्टकात 'निकाल लक्षणीय' सांगणारे तारे फुकटचे मिळतात. आणि फक्त पहिल्या भेटीची फाइल घ्या. २०२२-२३ च्या पाहणीत शहरी घरांना पुन्हापुन्हा भेट दिली जायची.

टीवाय_इको: केलं सगळं. आता −०.४५. म्हणजे बायकांना ४५% कमी, असं लिहू?

अर्थमिती_कट्टा: नाही. ई चा −०.४५ घात ०.६४, म्हणजे साधारण ३६% कमी. छोट्या कोएफिशंटला सरळ टक्के चालतात, एवढ्या मोठ्याला नाही. व्यवसायाचे डमी घातलेत तर फरक घटेल, पण कोणत्या कामात बायकांना शिरकाव मिळतो हाच विषमतेचा एक भाग आहे. म्हणून दोन्ही कोष्टकं द्या.

नमुना_निवड: "भेदभाव ३६%" असंही लिहू नका. पगारी कामात असलेल्या बायकाच नमुन्यात आहेत. हेकमन (अशा निवडक नमुन्याची दुरुस्ती करणारी पद्धत) लावायचा मोह झाला तर आधी असा चल शोधा जो कामावर जाण्यावर परिणाम करतो पण वेतनावर नाही. लहान मुलांची संख्या सगळे घालतात. परीक्षक नेमकं तिथेच अडवतात.