मदत हवी आहे: बेरीच्या ड्यूकचं प्रार्थनापुस्तक

मंडळी, फ्रान्समधल्या बेरीच्या ड्यूकने लिंबूर्ग बंधूंकडून चितारून घेतलेल्या प्रार्थनापुस्तकाबद्दल कोणी नीट वाचलंय का? १४१६ मध्ये ड्यूक गेला, तिन्ही भाऊपण त्याच वर्षी गेले, काम अर्धवट पडलं आणि पुढे १४८५ च्या सुमारास झाँ कोलोंब या चित्रकाराने ते पूर्ण केलं, म्हणजे मधे जवळजवळ सत्तर वर्षं! मला कॅलेंडरची पानं जाम आवडतात, वर राशी, खाली शेतकरी राबतायत, आणि तो निळा तर कमालच, लाजवर्द नावाच्या निळ्या दगडाचा, म्हणजे थेट अफगाणिस्तानातनं आलेला. अजिंठ्यातही लाजवर्द सापडलाय ना? तर या दगडाच्या व्यापारावर मराठीत किंवा सोप्या इंग्रजीत काही पुस्तक असेल तर प्लीज सुचवा, फार जड नको.