फुर्टवेंगलरची नववी (बायरॉइट १९५१): कोरस आला की आवाज फाटतो

नौपाडा३३: बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचा दोन एलपी तबकड्यांचा संच; वाद्यवृंद संचालक फुर्टवेंगलर, जर्मनीतल्या बायरॉइटचं १९५१ चं मुद्रण. कव्हरवर 'इलेक्ट्रॉनिक स्टीरिओ'. पहिले तीन भाग ठीक; चौथ्यात कोरस (समूहगान) चढला की आवाज फाटतो, शेवटी नुसता चिवडा. पावसाळ्यात बुरशीचे ठिपकेही आलेत. सुई बदलू, धुऊ, की सीडी घेऊ?

सानपाडा_मोनो: आधी धुवा. बुरशीवर नवी सुई चालवलीत तर तिचीच वाट लागेल. ३ भाग डिस्टिल्ड वॉटर, १ भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब. नळाचं पाणी नको, क्षार खाचेत बसतात. मऊ ब्रश खाचेच्या दिशेनेच फिरवा, लेबल कोरडं ठेवा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून पंख्याखाली उभी वाळवा. उन्हात ठेवलीत की वाकलीच. जुनी कागदी पाकिटं टाकून द्या, बुरशी तिथूनच परत येते. (लाखेच्या ७८ तबकड्यांना हे मिश्रण अजिबात नको, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.)

आता फाटण्याचं. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंमी खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. म्हणजे तिथे तेच संगीत कमी लांबीत कोंबलेलं, सुईला ते नीट पकडता येत नाही. आणि बेथोव्हेनने सगळा दणदणाट नेमका शेवटी ठेवलाय! प्रोट्रॅक्टर (सुईचा कोन जुळवायची पट्टी) घेऊन कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) पट्टीवरच्या आतल्या बिंदूवर जुळवा. सुईचं वजन कंपनीने दिलेल्या मर्यादेत वरच्या बाजूला ठेवा. हलकी सुई उडते आणि खाच खरवडते.

कोपरी_बास: अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं, म्हणजे दोन्ही चॅनेल एक करणारं, बटण आहे का? मूळ मुद्रण मोनो आहे. मोनो तबकडीत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं, खरखर उभ्याही. चॅनेल जोडले की उभी खरखर कटते. तुमच्या 'इलेक्ट्रॉनिक स्टीरिओ' प्रतीत मात्र मोनोवरूनच दोन्ही चॅनेल मुद्दाम वेगळे केलेत, त्यामुळे बटणाने पूर्ण काम होणार नाही. मोनो प्रत मिळाली तर तीच घ्या.

घणसोली९: शेवटचा चिवडा कितीही धुतलात तरी जाणार नाही, तो वाजवतानाच झालाय. अखेरच्या प्रेस्टिसिमोत (अतिद्रुत भागात) फुर्टवेंगलर असे सुटतात की वाद्यवृंद मागे फरफटतो. विल्हेल्म पिट्झनी बसवलेला कोरस त्याआधी काय गायलाय, ते मात्र ऐका.

फुर्टवेंगलर १९५४ साली वारले; त्यानंतर ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने हे ध्वनिमुद्रण बाजारात आणलं. पुढे ओर्फिओ कंपनीने बव्हेरियन रेडिओची टेप काढली, ती ईएमआयच्या प्रतीपेक्षा जागोजागी वेगळी निघाली. ईएमआयच्या प्रतीत तालमीचे तुकडे जोडलेत, असं जाणकार तेव्हापासून म्हणतात. २०२१ मध्ये बिस (BIS) कंपनीने स्वीडिश रेडिओकडची २९ जुलै १९५१ च्या प्रक्षेपणाची टेप निवेदनासकट दिली. एकच सीडी घ्यायची तर मी बिस म्हणेन.

नौपाडा३३: बटण नाहीये. आधी धुतो, मग प्रोट्रॅक्टर.