'माइट'ला मराठीत काय म्हणावं: कोळी, कीड की माइटच?

भाषांतरकार: फळबागांच्या मातीतल्या माइटांच्या (कोळी-गोचिडीच्या नात्यातल्या बारीक जीवांच्या) विविधतेची पाहणी, अशा विषयावरचा लेख मराठीत आणतोय. पहिल्याच ओळीत अडलो. शेतीविषयक लेखनात 'कोळी कीड' सापडतं. चालेल?

मातीवाला: नको! पानांवरचा लाल कोळी हा माइट बारीक जाळी विणतो, त्याला कोळी म्हणणं शोभतं. मातीतल्या बहुतेकांचा जाळ्याशी संबंध नाही. त्याहून वाईट तो दुसरा शब्द. 'कीड' म्हटलं की वाचणाऱ्याचा हात फवारणीच्या पंपाकडे जातो. आणि इथे मोजायचे कोण? पालापाचोळा नि बुरशी खाणारे, नाहीतर सूत्रकृमींसारखे बारीक जीव मारून खाणारे. त्यांच्यावर नावातच गुन्हा कशाला नोंदवायचा?

कोशकीडा: 'कीटक'ही बाद. कीटकाला पाय सहा, याला आठ. (अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच. भिंगाखाली पाय मोजणारा नवखा तिथे फसतो.)

खरं तर भाषेने या जीवांना फारशी नावं दिलीच नाहीत. गोचीड यांची जवळची नातलग, ती डोळ्यांना दिसते, जनावराला चिकटते, म्हणून तिचं बारसं झालं. खरूज करणारा जीव माइटच, पण नाव मिळालं ते खाजेला. अर्ध्या मिलिमीटरच्या जीवाची दखल कोण घेणार! अपवाद मृगाचा किडा. तो लाल मखमली जीव माइटच आहे. संस्कृतातला इंद्रगोप तो हाच, असं मानतात.

भाषांतरकार: मग 'मातीतले माइट'. पुढची अडचण: 'अमुक इतक्या प्रजाती आढळल्या' असं लिहू?

कोशकीडा: 'जाती' लिहा. मराठी विश्वकोशाच्या वळणाने प्रजाती म्हणजे वंश (genus), त्याच्या पोटात जाती (species). हल्ली दोन्ही शब्दांची सरमिसळ होते. एरवी कानाडोळा केला असता, पण इथे सगळा लेखच मोजणीचा आहे.

मातीवाला: 'विविधता' म्हणजेही नुसती जातींची संख्या नव्हे, हे भाषांतरात निसटू देऊ नका. दोन बागांत प्रत्येकी 100 माइट, 10 जाती. एकीत 91 माइट एकाच जातीचे, उरलेल्या नऊ जातींचा एकेक. दुसरीत प्रत्येक जातीचे 10. जातींची संख्या तीच, विविधता दुसरीत जास्त. गणितज्ञ क्लॉड शॅननचा 1948चा निर्देशांक हाच फरक आकड्यात पकडतो.

भाषांतरकार: आणि 'बर्लेसी फनेल'?

मातीवाला: बर्लेसीचं नरसाळं. इटालियन कीटकशास्त्रज्ञ बर्लेसीने ते 1905 साली मांडलं, पुढे स्वीडनच्या टुलग्रेनने त्यात विजेचा दिवा आणला. चाळणीवर माती, वर दिवा, खाली अल्कोहोलची बाटली. माती वरून सुकत जाते तसे माइट ओल शोधत खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. 'माती चाळून माइट वेगळे केले' असं मात्र लिहू नका. चाळणी फक्त माती धरते, बाहेर ते स्वतःच्या पायांनी येतात.

भाषांतरकार: शेवटचं. तो माइट की ती माइट?

कोशकीडा: गोचीड ती, कोळी तो. मी 'तो' लिहितो. अनेकवचनही 'माइट'च; 'माइट्स' दिसलं की मलाच खाज सुटते.