मखरातले निळे एलईडी लागत नाहीत

ए-२०४ : मुलांनी मखराचे दिवे जोडले, पण फक्त लाल आणि पिवळे लागतायत. निळे-पांढरे एकही नाहीत. परवाच तापकीर गल्लीतून आणलेत. खराब माल दिलाय, उद्या परत करून येते.

बी-६०१ : ताई, घाई नको. निळे आणि पांढरे तेवढे सगळे खराब निघतील असं वाटत नाही. सेल कोणते लावलेत?

ए-२०४ : दोन पेन्सिल सेल, चार्जिंगचे. रात्रभर चार्ज केलेत काका.

बी-६०१ : मग कारण तेच. चार्जिंगचा सेल १.२ व्होल्टचा असतो, साधा १.५ चा. तुमचे दोन मिळून २.४ झाले. लाल-पिवळ्याला २ च्या आसपास पुरतात. निळ्या-पांढऱ्याला ३ ते ३.४ लागतात.

सी-१०३ : माझ्याकडे ९ व्होल्टची बॅटरी पडून आहे. तिच्यावर एकेक लावून बघू?

बी-६०१ : थेट अजिबात लावू नका! एलईडी क्षणात जळेल. मध्ये ४७० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंट रोखणारा छोटा भाग, हवाच. त्यापेक्षा ३ व्होल्टचा बटण सेल घ्या, सीआर२०३२. एलईडीच्या दोन पायांमध्ये सेल धरायचा, लांब पाय प्लसच्या बाजूला. हा सेल जास्त करंट देऊच शकत नाही, म्हणून क्षणभराच्या तपासणीला रेझिस्टर लागत नाही. नाही लागला तर उलटा करून बघा. पाय कापले असतील तर एलईडीच्या प्लास्टिकच्या टोपीची कड चाचपा, सपाट बाजू मायनसची.

डी-४०२ : मल्टिमीटरवर बघितलं तर?

बी-६०१ : मीटरचं बटण डायोड तपासायच्या खुणेवर ठेवून लाल मंद लागतो. पण बऱ्याच साध्या मीटरचा निळ्याला जोर पुरत नाही, आणि चांगला एलईडी मेलेला वाटतो. मी बटण सेलवरच विश्वास ठेवतो.

ए-२०४ : तपासले! निळे-पांढरे सगळे लागले. लाल दोन मेलेत, त्यांना मुलाने फार वेळ सोल्डरिंग गन टेकवली होती. पण काका, एकाच बटण सेलवर लाल आणि निळा शेजारी लावले तर निळा विझतो. मुलगा विचारतोय, असं का?

बी-६०१ : फार चांगला प्रश्न विचारला त्याने. दोघं एकाच सेलवर पॅरलल, म्हणजे दोघांचे प्लस एकत्र आणि मायनस एकत्र, असले की लाल कमी व्होल्टला चालू होतो, सगळा करंट तोच ओढतो आणि सेलचा व्होल्टेज २ च्या जवळ उतरतो. निळ्यापर्यंत ३ पोचतच नाहीत. मखरातही असंच होईल. म्हणून साधे ३ सेल घ्या, ४.५ व्होल्ट, आणि प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर द्या. लाल-पिवळ्याला २२० ओहम, रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे लाल-लाल-तपकिरी. निळ्या-पांढऱ्याला १००, तपकिरी-काळा-तपकिरी. सगळ्यांत मिळून एकच रेझिस्टर टाकला तर लाल पुन्हा तेच करील.

डी-४०२ : आणि हिरवे?

बी-६०१ : हिरवे दोन जातींचे असतात. रंगीत टोपीचे जुने पोपटी बहुतेक २ व्होल्टचे. पारदर्शक टोपीचे झगझगीत हिरवे निळ्यासारखे ३ चे. मुलाला हेही सांगा, की लाल एलईडी १९६० च्या दशकातला, पण चांगला तेजस्वी निळा जमायला १९९० चं दशक उजाडलं. त्यासाठी तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं, आकासाकी, आमानो आणि नाकामुरा. तोच निळा आज आपल्या घरातल्या पांढऱ्या बल्बच्या आत आहे.

बी-३०२ : मला एक सांगायचंय. बटण सेल किती बाहेर काढलेत? मंडपात आमचा दीड वर्षाचा नातू रांगत असतो. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून भाजतं. संशय जरी आला तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं, वाट बघायची नाही.

बी-६०१ : काकू, हे मी आधीच लिहायला हवं होतं. ताई, सेल मोजा.

ए-२०४ : तीन आणले होते. दोन हातात आहेत, तिसरा शोधतेय.

ए-२०४ : सापडला, थर्माकोलच्या चुऱ्याखाली होता. तिन्ही चिकटपट्टीत गुंडाळून वरच्या कपाटात ठेवले. काकू, मंडपाची जमीन झाडून झाली की कळवते, तोवर बाळाला खाली सोडू नका.