शिवसागरच्या काठचं जुनं कौलारू घर: दुरुस्त करावं की पाडून नवं बांधावं?

पडवीकर

नमस्कार मंडळी. जावळी तालुक्यात, बामणोलीच्या अलीकडे, शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठावरच्या एका वाडीत जुनं घर विकाऊ आहे. सुट्टीत येऊन राहायला घ्यायचा विचार आहे.

घर ३० बाय ३० फूट, पडवी त्यातच. भिंती दगड-मातीच्या, दीड फूट जाड, आतबाहेर सिमेंटचा गिलावा. लाकडी सांगाडा, मंगळुरी कौलं, आढ्याला (छताच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाला) मधोमध बाक आलाय. मागे डोंगर, पुढे पाणी. डोंगराकडच्या भिंतीला तीन फुटांपर्यंत ओल. मालकाकडे ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा आहे, मागचं ६ गुंठ्यांचं परसू वेगळ्या सातबाऱ्यावर. आम्ही खातेदार शेतकरी नाही.

एक ठेकेदार म्हणतो पाडा आणि स्लॅब टाका. दुसरा म्हणतो कौलं काढून पत्रा टाका. संडासाचा शोषखड्डा पाण्याच्या बाजूला घेऊ, उतार मिळतो, असं दोघंही म्हणतात. काय करावं?

फेरफार_नोंद

ठेकेदाराला थोडं थांबवा. आधी कागद.

आठ नंबरचा उतारा कर आकारणीचा असतो, मालकीचा नव्हे. घर गावठाणात आहे का, आणि गावठाणाचं भूमापन होऊन मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) निघाली आहे का, हे भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. गावठाणातलं घर घ्यायला शेतकरी असावं लागत नाही. परसू मात्र शेतजमीन. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि ६ गुंठ्यांचा तुकडा तुकडेबंदीत (शेतजमिनीचे लहान तुकडे विकायला रोखणाऱ्या कायद्यात) अडकू शकतो तो वेगळाच. म्हणून घर आणि परसू असा एकच व्यवहार, एकच रक्कम, असं ठरवू नका.

कोयनेच्या काठी आणखी एक भानगड असते. धरणात गाव गेल्यावर बरीच कुटुंबं लांब न जाता वर डोंगरावर सरकली. त्यामुळे काही घरं संपादित किंवा वन खात्याच्या जमिनीवर उभी आहेत आणि कर मात्र नियमित भरला जातोय. सातबाऱ्यावरचं ‘इतर हक्क’ सदर नीट वाचा. भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), पुनर्वसन, वन, यांतला एकही शेरा दिसला तर वकिलाला दाखवल्याशिवाय विसार देऊ नका. संपादनाची हद्द आजच्या पाण्याच्या कडेवरून ठरत नाही. कोयनेची पूर्ण संचय पातळी २१६३ फूट ६ इंच आहे. मे अखेरीला पाणी २१०० फुटांच्याही खाली गेलेलं असतं. उन्हाळ्यात जागा बघायला गेलात तर पाणी लांब दिसेल आणि मधली मोकळी जमीन मालक हाताने दाखवेल. ती त्याची नसते. सरकारी मोजणी करून घ्या आणि जोत्याची पातळी पूर्ण संचय पातळीच्या आकड्याशी लेव्हल मशीनने ताडून बघा.

वारसांचं सांगायलाच नको. जावळीतलं निम्मं गाव मुंबईत असतं. भाऊ आणि बहिणी, सगळ्यांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र, आणि ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या नोंदणीकृत व्यवहारांचा वकिलाने काढलेला शोध). परवानगी कोण देणार हेही आधी विचारा: हा पट्टा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे, आणि गाव नवीन महाबळेश्वर या नियोजित गिरिस्थान प्रकल्पाच्या हद्दीत येत असेल तर नियोजन प्राधिकरण एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ) आहे. पाडून नवं बांधणं आणि आहे ते दुरुस्त करणं, या दोन्हींसाठी काय लागतं ते वेगवेगळं विचारून घ्या. तुमच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

तळखडा

कागद स्वच्छ निघाले असं धरून बांधकामाचं बोलतो.

पाडायचं की ठेवायचं हे आढ्याकडे बघून ठरत नाही, भिंतीकडे बघून ठरतं. दगड-मातीची भिंत म्हणजे आत-बाहेर दोन थर आणि मध्ये भर. ते थर सुटले की भिंतीला पोट सुटतं. ओळंबा लावा. नऊ फुटांत इंचभर फरक चालून जातो. बाहेरून फुगलेली आणि ठोकल्यावर भद्द वाजणारी भिंत तेवढी उतरवून पुन्हा रचावी लागेल. चारांपैकी तीन भिंती तशा असतील तर पाडा, माझी हरकत नाही.

मग लाकूड. प्रत्येक खांबाच्या बुडाला पेचकस टोचून बघा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त आत गेला तर तेवढं बूड सडलंय. खांब जमिनीत पुरलेला असेल तर खालचा फूटभर हमखास गेलेला असतो. तो कापून खाली दगडी तळखडा (खांबाखालची दगडी बैठक) उंच करून बसवायचा, अख्खा खांब बदलायची गरज नसते. आढ्याचा बाक बहुतेक वेळा यातूनच येतो: मधला खांब खचतो, आढं त्याच्यामागे खाली येतं. वासे फाकले असतील तर ते भिंतीला बाहेर ढकलतात. तिथे समोरासमोरचे वासे आडव्या तुळईने बांधून घ्या.

स्लॅब नको. इथल्या पावसात सपाट स्लॅब गळतोच, मग चार-पाच वर्षांत त्यावर पत्र्याची शेड चढते. तालुक्यात कुठल्याही रस्त्याने जा, दिसेल. दगड-मातीच्या भिंतीवर स्लॅबचं वजन टाकणं तर सरळ धोक्याचं.

कौलंच ठेवा, पण त्याखाली पत्रा घ्या. वाशांवर ०.५ मिमीचा रंगीत पत्रा, त्यावर उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या रिपा आणि मग कौलं. उभी पट्टी विसरली की आडव्या रिपेमागे पाणी आणि पालापाचोळा तुंबतो, रीप कुजते आणि पत्रा गंजतो. वानरांनी चार कौलं फोडली तरी घर भिजत नाही हा यातला खरा फायदा. पत्र्याचा स्क्रू रबरी वॉशरचा, आणि नाळीत नाही, उंचवट्यावर मारायचा. रिपांमधलं अंतर साधारण साडेबारा इंच येतं, पण हातात घेतलेल्या कौलाची खाच मोजूनच ठोका. कारखान्यागणिक फरक पडतो.

उतार किमान ३० अंश, म्हणजे फुटाला सात इंच चढ. वळचण चारही बाजूंनी तीन फूट. हिशोब: ३६ बाय ३६ चं छत, उतार धरून सुमारे १५०० चौरस फूट, चौरस मीटरला १५ कौलं, म्हणजे २१०० आणि तूट धरून २३००. वजन पाच टनांवर जातं, भिजल्यावर आणखी. म्हणून आधी खांब, मग छत.

ओलीचं कारण समोरचा तलाव नाही, मागचा डोंगर आहे. भिंतीपासून आठ फूट लांब, चढाच्या बाजूला दोन फूट रुंद आणि तीन फूट खोल चर घ्या. त्यात जिओटेक्स्टाइल कापड (पाणी सोडणारं, माती अडवणारं), तळाशी चार इंची भोकाचा पाइप, भोकं खालच्या बाजूला, वरपर्यंत ४० मिमी खडी, आणि शंभर फुटांना फूटभर उतार. ४० फूट लांबीला सव्वादोन-अडीच ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) खडी लागते. चर भिंतीलगत खणू नका, पाया उघडा पडून भिंत खचते. सिमेंटचा गिलावा आतून-बाहेरून सोलून काढा. त्यामुळे ओल आत कोंडते आणि वर चढत जाते. एक पूर्ण उन्हाळा भिंत वाळू द्या, मग चुन्याचा गिलावा, चुना एक भाग, वाळू तीन.

पडवीकर

दोघांचेही आभार. कोयना म्हटल्यावर भूकंपाचा विषय येतोच. या भिंतींना काही करता येतं का?

तळखडा

येतं, आणि कौलं उतरलेली असतानाच करून घ्यायचं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात असल्याच भिंती पडल्या होत्या. भाग भूकंपाच्या झोन चारचा आहे.

भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा: भिंतीइतका रुंद, तीन इंच जाड, दोन १२ मिमी सळ्या, दर सहा इंचांवर ६ मिमी आकडी. कोपऱ्यावर सळी तोडायची नाही, वाकवून दुसऱ्या भिंतीत दोन फूट न्यायची. नेमका तिथेच गवंडी आळस करतो. छताची पाटथर तुळई (भिंतीच्या माथ्यावर आडवी बसणारी) या पट्ट्यात सोडलेल्या बोल्टला कसायची. दारा-खिडक्यांच्या वर आतून-बाहेरून वेल्डमेशचा (वेल्ड केलेल्या तारेच्या जाळीचा) फूटभर रुंद पट्टा, दोन्ही जाळ्या भिंतीतून आरपार नेलेल्या ८ मिमी सळीच्या आकड्यांनी दर दोन फुटांवर बांधलेल्या, त्यावर १:३ गिलावा दोन थरांत. एवढ्या पट्ट्यापुरतं सिमेंट चालतं. आकड्यांची भोकं ड्रिलने आघात न देता पाडा, छिन्नी-हातोड्याने मातीची भर सुटते. आराखडा मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या.

झरेवाला

शोषखड्ड्याबद्दल कुणीच बोललं नाही. पाण्याच्या बाजूला अजिबात नको. उतार मिळतो म्हणून मैलाही तलावात उतरतो, आणि खालच्या वाडीची विहीर मध्ये असेल तर तिच्यात. पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर, हे मानकातलं अंतर आहे. काठावर त्याहून जास्त ठेवा.

टाकी दोन कप्प्यांची, आतून साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद, पाण्याची खोली चार फूट. साधारण २२०० लिटर, सहा-आठ माणसांना पुरते. पहिला कप्पा दोन तृतीयांश. बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्यापेक्षा दोन इंच खाली, दोन्हींना टी आकाराचा जोड. जमीन पाणी किती पिते याची चाचणी ऑगस्टमध्ये घ्या. मे महिन्यात कुठलाही खड्डा पाणी पितो. पावसाळ्यात भूजल वर आलं की तोच खड्डा उलटा भरून संडासात येतो. चाचणीत नापास झालं तर शोषखड्ड्याऐवजी जमिनीच्या वर उचललेला खडीचा वाफा करून त्यात कर्दळ लावा. मोरीचं पाणी टाकीत सोडू नका.

कामाचा काळ नोव्हेंबर ते मे. कौलं उतरवायची ती जानेवारीत, एप्रिलमध्ये नाही. वळवाने गाठलं तर उघड्या मातीच्या भिंती एका रात्रीत बसतात. आणि घर जून ते सप्टेंबर बंद राहणार असेल तर दोन्ही गॅबलला (छताखालच्या त्रिकोणी भिंतींना) जाळीची झरोकी ठेवा, गाद्या परत न्या आणि मेन स्विच पाडून या. पूर्ण बंद ठेवलेल्या घरात गणपतीला कुलूप उघडाल तेव्हा कपाटाच्या पाठीवर हिरवी बुरशी असते.